उंबऱ्याबाहेरच्या चपला

लातूर, मंगळवार, १७ एप्रिल १९८४. संध्याकाळ.

त्या चपला डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

नव्या जिल्ह्याचं नवं केंद्र, मुलींना चाकावर भांडी घडवायला शिकवायचं, आणि आज वीज नाही, पाणी एकच बादली. मी काठीनं फिरवायचं जुनं चाक काढलं आणि सुमित्राला बसवलं. कंधारकडच्या कुंभाराची मुलगी. त्यांच्यात बाईनं भांडं थापटायचं, चाकाला शिवायचं नाही. तेवढ्यात तिचे वडील दारात. कुणी कळवलं कोण जाणे.

"चपला बाहेर काढा," मी म्हटलं. "इथं चाक आहे."

"बाया बसत्यात ते चाक कसलं, बाई? घरच्या चाकापाशी काढतो मी." मग तिला, "ऊठ. शिकणं बास झालं."

तिनं मानही वर केली नाही. "एवढं होऊ द्या, आबा."

तिच्या तळव्यांत माती सरळ, पातळ उभी राहिली. इतकी वर्षं शिकवते आहे, तरी अंगावर काटा आला. मग चाक मंदावलं, कड डुलू लागली. काठी घ्यायला तिनं हात काढला असता तर भांडं बसलंच असतं. मी उठणार, तोच तिचा बाप वळला. चालला, वाटलं. त्यानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत आला आणि काठी घेऊन चाक गरगरा फिरवलं.

सुमित्रानं कड सावरली.

"पाणी कमी लाव, पोरी," तो म्हणाला. "बादली एकच हाय."

शेवटच्या गाडीनं तो एकटाच गेला.