गोव्याहून आलेली फळी

मुक्काम आपलंच गाव, स्टेशन चुडावा
कार्तिक वद्य पंचमी, सन १९८५

प्रिय मित्र पंडित यास,

आसाराम मुंजाजी सुताराचा जय भीम. (आधी सवयीने रामराम लिहिला, तो खोडला. मग नमस्कार लिहिला, तर तो पोस्टमास्तरला रजेचा अर्ज केल्यासारखा वाटला, म्हणून तोही खोडला. अशा खोडाखोडीत एक आंतरदेशीय पत्र वाया गेलं. हे वहीचे कागद त्यामुळे आहेत.) तुझी प्रकृती ठीक असेल असं मी धरून चालतो, कारण माझं धरून चालण्यावाचून दुसरं काही चालत नाही. माझी विचारशील तर उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती, ती परवा सुटली. अंगाची खाज आता फक्त पाठीपुरती उरली आहे. केशर, म्हणजे माझी बायको (तू गाव सोडलंस त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, तुला कळवायला पत्ता नव्हता), माझ्याशी बोलते, पण लांबून.

तर तुझं पार्सल पोळ्याच्या आठवड्यात चुडाव्याला उतरलं. सात वर्षांत तुझं एक कार्ड नाही, आणि आलं ते एकदम साडेसहा फुटांचं. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं, सुतळीने तीन ठिकाणी आवळलेलं, एका टोकाला निमुळतं. त्यावर काळ्या शाईने ठळक अक्षरात तुझं नाव आणि खाली गोवा. हमालाने ते माझ्या गाडीत ठेवताना चप्पल काढली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मी हरखलेलो होतो. पंडितने आपली आठवण काढली, एवढंच डोक्यात. रस्त्याने माणसं बाजूला होऊन उभी राहू लागली. नर्मदाबाईने घागर खाली ठेवून हात जोडले. दोघंतिघं जण मान खाली घालून गाडीच्या मागे चालू लागले. बरं, फळी तू पाठवलेली मधोमध मोडकी, एका बाजूच्या थरावर कशीबशी धरलेली. त्यामुळे खड्ड्यात चाक आदळलं की तिचं वरचं अर्धं अंग मांजरपाटासकट जरासं उठायचं. पहिल्यांदा उठलं तेव्हा मागचे दोघंतिघं तुरीच्या शेतात पळाले. मला वाटलं, साप निघाला.

एवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र हसण्यावारी गेलं असतं. पण पार्सलवरचं नाव कुणीतरी वाचलं होतं आणि सायकलवर पुढे गेलं होतं. वेशीच्या अलीकडे, ओढ्यापाशी, तुझी आई, मालनमावशी, अनवाणी पळत आली. पंडित, त्या आणि मी एकाच गावात राहतो, पण सात वर्षांत मी त्यांच्या समोर उभा राहिलेलो नाही. त्या दिसल्या की मी रस्ता बदलायचो. त्या दिवशी बैलगाडीला रस्ता बदलता येईना. त्या गाडीचा दांडा धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मी खाली उडी मारून कमरेच्या विळ्याने शिवण फाडली, अर्धी दातांनी फाडली. आतून निघाली पिवळी-निळी गुळगुळीत फळी. मावशींनी तिच्यावर हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. म्हणाल्या, “माजं लेकरू न्हाई हे. फळी हाय.” मग तिथेच धुळीत बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांनी माझ्या पोटरीवर अशी चापट मारली की अजून आठवते. ती मला पोचली होती. पोचायलाच हवी होती.

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. तुझं घर मी सात वर्षांनी पाहिलं. वर सरकारी पत्रे आहेत, भिंती पुन्हा लिंपल्या आहेत, चौकट काळी आहे, आणि चौकटीत दाराच्या जागी अजून तरट आहे. आत जाताना मावशींनी ते तरट हाताने बाजूला केलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फळीच्या पोटाला बांधलेला डबा, बाटली, काचेचं कापड आणि तुझी चिठ्ठी घरी येऊन सोडली. डब्यातली राळ किती घ्यायची, बाटलीतल्या औषधाचे किती थेंब टाकायचे, कापड कसं बसवायचं, हे तू मुद्देसूद लिहिलंस. गोरे लोक असल्या फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत येतात, ती मोडली की तुझ्याकडे आणतात आणि तू जोडून देतोस, हेही कळलं. (सुताराच्या मुलाने बैलगाड्या जोडायच्या आणि तू लाटांवरची फळी, हे शाळेत मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी दोघांनाही बाकावर उभं केलं असतं.) शेवटची ओळ मात्र मी बरेचदा वाचली. ‘ही जोडून दाखव, मग गावाकडे यायचं बघू.’ त्या ओळीसाठी मी कामाला लागलो. तू यावंस, निदान एकदा यावंस, एवढंच माझं या फळीत गुंतलं होतं. समुद्र मी पाहिलेला नाही आणि आता पाहावासाही वाटत नाही.

पहिल्या दिवशी थेंब चुकले. तू दहा लिहिलेस. आपल्याकडे थेंबाने काही वाढायची रीत नाही, म्हणून मी हात जरा सैल सोडला. राळ कालवायला केशरचा माहेरचा पितळी तांब्या घेतला होता. तो हातात तापू लागला, मग धुरावला, मग आतली राळ दगड झाली. कुंचला त्यात उभा आहे तो आहेच. तांब्या सरळ ठेवला तरी पाणी मावत नाही, उलटा केला तरी काही पडत नाही. केशर रोज सकाळी तो घासते आणि माझ्यासमोर ठेवते.

मोडलेल्या जागेचा पांढरा गाभा निखळून पडला होता, तिथे काय भरावं हा प्रश्न होता. परभणीला रेडिओच्या दुकानात खोक्यांतलं थर्माकोल मिळालं. मी ते करवतीने इतकं बेमालूम कापलं, की जोड सापडेना. वर राळ ओतली. पंडित, ती राळ थर्माकोल खाते हे तू लिहायला हवं होतंस. डोळ्यांदेखत फस्स करून खड्डा पडला, आणि अख्खा दिवस खपून बसवलेला तुकडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गेला.

मग मी माझ्या विद्येवर आलो. नदीकाठचा पांगारा तोडला, हलकं लाकूड, पाण्यावर बुचासारखं तरंगणारं. जोड असा बसवला, की सात वर्षांत पहिल्यांदा मला माझाच हेवा वाटला. आणि इथे घात झाला. तुला माझे वडील आठवतात. लाकूड कोरडं दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, करडईचं तेल पाजल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही, हा त्यांचा दंडक. चाक असो, पाळणा असो, तिफण असो. मी दंडक मोडला नाही. पांगाऱ्याला तेल पाजलं, दोनदा पाजलं, कारण लाकूड तहानलेलं होतं. त्यावर काचेचं कापड, त्यावर राळ, थेंब मोजून दहा. सकाळी बघतो तर आरशासारखं चकाकतंय. कौतुकाने हात लावला, तर कापड आणि राळ मिळून सगळं कातड्यासारखं सलग हातात आलं. खाली पांगारा, तेल पिऊन तृप्त.

पुढचं थोडक्यात सांगतो. तेल खरवडलं, आठ दिवस उन्हात ठेवलं, पुन्हा चिकटवलं, पुन्हा घासलं. घासताना काचेची जी धूळ उडाली, ती माझ्या सदऱ्यातून केशरच्या लुगड्यात, लुगड्यातून गोधडीत आणि गोधडीतून वाळत घालायच्या दोरीवरून शेजारच्या बायनाबाईच्या घरात गेली. दोन्ही घरं खाजवत होती. बायनाबाईने आमच्यावर करणीचा आळ घेतला. डॉक्टरने खरजेचं मलम दिलं आणि मला विचारलं, की तुम्ही नक्की करता काय? मी म्हणालो, सुतारकाम. ते खोटं बोललो असं मला वाटलं.

दसऱ्यानंतर फळी बंधाऱ्याच्या पाण्यावर नेली. बघायला गाव जमलं. त्यात लिंबाजीराव होते. कोण लिंबाजीराव, ते तुला सांगायला नको. अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, नामांतराच्या दंगलीत, तुमच्या वस्तीला आग लागून गेल्यावर (लागली नाही, लावली, मी पत्रातसुद्धा बिचकतो), त्यांनीच माझ्या दुकानासमोर उभं राहून सांगितलं होतं, त्या वस्तीत कामाला जायचं न्हाई. त्यांनी फळी उलटसुलट बघितली आणि विचारलं, “हिला बैल किती लागत्यात?” त्यांना ती ढेकळं फोडायची वाटली. मला पोहता येत नाही, तरी मी बसलो. चांगली चिलीमभर तरंगलो. मग फळीच्या पोटात करकर वाजलं, जोड उघडला, पुढचं अर्धं पलीकडच्या काठाला गेलं आणि मागचं अर्धं मला घेऊन खाली. लोक खूप हसले. लिंबाजीराव म्हणाले, “सुतारा, तुज्या हाताचं आता काई बी टिकंना.” आणि निघून गेले, स्वतःच्या टायरच्या गाडीत. आता सगळ्यांच्याच गाड्या टायरच्या आहेत. लाकडी चाक दोन वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. ज्या माणसाच्या भीतीने मी सात वर्षं गप्प बसलो, त्याला माझी गरज कधीच संपली, आणि मला ते पाण्यात बसल्यावर कळलं.

तेव्हा पंडित, फळी जोडली गेलेली नाही. तुझी अट मी पुरी करू शकलो नाही. ज्या गोऱ्या साहेबाची ही फळी, त्याला सांग, की मराठवाड्यात एक सुतार आहे, त्याच्याकडे काही पाठवू नये. लहानांना आशीर्वाद, मोठे तिथे तुला कोण असतील ते माहीत नाही, त्यांना जे चालतं ते सांग.

तुझा,
आसाराम

ता. क. १ : राळ पुन्हा पाठवू नकोस. केशरने सांगितलंय, की डबा आला तर तो घरात राहील किंवा ती.

ता. क. २ : वर एक गोष्ट लपवली. बंधाऱ्यानंतर मी फळीला हात लावलेला नाही. दोन्ही अर्धी दुकानात टांगली आहेत. पार्सल आलं त्याच्या तिसऱ्या दिवशीच मी सुतळी घेऊन तुझ्या घरी गेलो होतो, चौकटीचं माप घ्यायला. सुतळीचं दुसरं टोक मावशींनी धरलं. आग विझली त्या आठवड्यात त्या माझ्याकडे दार मागायला आल्या होत्या, हे तुला माहीत असणार. मी ‘बघतो’ म्हणालो होतो. कडुनिंबाच्या फळ्या कापूनही ठेवल्या होत्या. त्या सात वर्षं माझ्या खाटेखाली होत्या आणि मी त्यांच्यावर झोपत होतो. इतक्या वाळल्या आहेत, की हे दार आता कधी वाकायचं नाही. दिवाळीत पुरं झालं. करडईचं तेल पाजलं. तिथे तरी ते बरोबर होतं.

ता. क. ३ : दार अजून लागलेलं नाही. भरवशाचं दार एकट्याने बसत नाही, एकाने तोलून धरावं लागतं आणि दुसऱ्याने बिजागरी ठोकावी लागते. तुमच्या वस्तीतले चार जण तयार होते, केशरही पदर खोचून आली होती. मावशींनी सगळ्यांना परत पाठवलं. मला म्हणाल्या, “तू ठोक, पन धरंल माजा पंडित. तवर तरट बरं हाय.” दार भिंतीला टेकून उभं आहे आणि त्या तरटाआड झोपतात. पंडित, तू चिठ्ठीत ‘बघू’ लिहिलंस. तो शब्द माझा आहे, तो किती वर्षं पुरतो ते मला ठाऊक आहे. यंदा थंडी लवकर पडली आहे.