शंभरातल्या पंधरांत ताई

प्रिय धाकट्या,

बोटीवर पोचल्याचा तुझा मेसेज आला. ‘पोचलो’, एवढंच. मीही ‘बरं’ म्हणून सोडून दिलं. ताईच्या मशीनवर शेजारच्या मुलीचा फ्रॉक एका बाहीवाचून अडला होता. काल ती बाही लावायला बसले आणि नेमकी उलटी लावली. ताई असती तर म्हणाली असती, “तू आपली कापायचं काम कर, जोडायचं माझ्यावर सोड.” मग मात्र मला काही सुधरेना. फ्रॉक तसाच मांडीवर घेऊन बसून राहिले.

निघताना जिन्यात तू विचारलंस, “ना कसलं व्यसन, ना बाहेरचं खाणं, वय तरी काय होतं तिचं? मग तिलाच का?” मी तुझी बॅग उचलून पायऱ्या उतरू लागले. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

माझं काम तुला ठाऊक आहे. मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचपट्टीवर रंगवायचे. पेशी आपली प्रत काढताना चुका करते. त्या दुरुस्त करणारी चार मुख्य प्रथिनं असतात. ती नसली की चुका साठत जातात आणि पेशीचा तोल ढळतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे किती जणांत दिसतं, याचा आमच्या डॉक्टरबाई निरनिराळ्या देशांतल्या लोकांत अभ्यास करतात. शंभरात साधारण पंधरा. कुठे कमी, कुठे जास्त. त्यातही बहुतेकांना ते उतारवयात, आपलं आपण झालेलं असतं. थोड्यांनाच घराण्यातून येतं. पंधरा म्हणजे काही फार नाहीत, असं मला वाटायचं.

ताईला रक्त जायचं, ते तिनं मूळव्याधीवर ढकललं. दिवसभर बसून शिवायचं म्हणजे होणारच, म्हणायची. पोट दुखलं की गरम पाण्याची पिशवी बांधून पायडल मारायची. आई गेल्यावर आपल्या दोघांना तिनं असंच खस्ता खाऊन वाढवलं, मग स्वतःच्या दुखण्याला ती काय भीक घालणार? ऑपरेशननंतर तिच्या गाठीचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. डॉक्टरबाईंनी तो माझ्या हाती दिलाच नाही, स्वतः कापला. नंतर मला बोलावून म्हणाल्या, “बघायचं असेल तर बघ. नसेल तर नको.” मी बघितलं. चारांतली दोन प्रथिनं नव्हती. प्रथिन असलं की रंगवल्यावर तपकिरी दिसतं; इथं नुसतं निळं. अशा गाठींवर चालणारं औषध आहे, तेही दिलं. पण तोवर आजार यकृतात पोचला होता.

मग बाईंनी घरच्यांचं विचारलं. आई पोटाच्या दुखण्यानं गेली, मामाही तसाच, दोघंही ऐन उमेदीत. सांगता सांगता मलाच उमगत गेलं. ताईच्या रक्ताच्या तपासणीत नक्की झालं, हे आईकडून आलेलं होतं. त्या दिवशी ताई पहिल्यांदा रडली. स्वतःसाठी नाही. म्हणाली, “धाकट्याला फोनवर सांगू नकोस, तो मध्येच ठेवून देईल. लिही. लिहिलेलं तो वाचतो.”

म्हणून लिहितेय. आईचा हा दोष प्रत्येक लेकरात येईल किंवा येणार नाही, शक्यता निम्मी-निम्मी. मी रक्त दिलं. माझ्यात तो नाही. बाईंनी पाठीवरून हात फिरवून सांगितलं आणि मी हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन हुंदके देऊन रडले. सुटल्याचा आनंद झाला नाही रे, ताईला एकटीला मागे टाकून आल्यासारखं वाटलं. आता तू उरलास. पुढच्या बंदरात उतर आणि घरी ये. एक सुई टोचायची, बस. निघालाच दोष, तर ठरावीक वेळेला दुर्बीण घालून आतडं बघत राहायचं. गाठ कॅन्सरची व्हायच्या आधीच काढता येते. ताईला ते कुणी सांगितलं नव्हतं, तुला मी सांगतेय. घाबरलास तरी चालेल, रागावलास तरी चालेल, फक्त टाळू नकोस. मी दाराबाहेर बसेन. मला अजून एकदा त्या काचेवर निळं बघायला लावू नकोस.

तुझीच,
मधली