सातवा टाका

ता. ३ मार्च

चि. बटण हीस आजीचे अनेक उ. आशीर्वाद.

लहानपणी गिळलेलं बटण अजून तुझ्या पोटात आहे की बाळाने खेळायला घेतलं, ते आधी कळव. मी सुखरूप पोचले, त्याला तीन आठवडे झाले. माझी धाकटी बहीण पायाला प्लास्टर घालून खाटेवर राणीसारखी बसली आहे. मोडला तिचा पाय आणि अडकले मी. आम्ही दोघींनी मिळून आयुष्यात एक अक्षर गिरवलं नाही, म्हणून हे पत्र पोस्टातल्या बाई लिहून घेत आहेत. बाई प्रामाणिक आहेत, तोंडातून पडेल ते सगळं उतरवतात. नाक मात्र असं आहे की आधी नाक येतं आणि मग बाई येतात. हे लिहू नका. (लिहू नका म्हणाल्या, पण सगळं लिहायचं असा माझा नेम आहे. — पोस्टातली बाई.)

या गावात एकही मोटार नाही. रस्ता एकच, तोही पोस्टाच्या पायरीशी येऊन संपतो. दर गुरुवारी टपालगाडी येते. येताना एखादं माणूस आणते, जाताना फक्त पोती नेते. हा काय न्याय, असं मी चालकाला विचारलं. तो म्हणाला, जाणारं कुणी असतंच कुठे, आजी. मी आहे की, म्हटलं, तर तो माझ्याकडे न बघता हसला.

दिवस जाता जात नाही. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तशी माझी गत आहे. धाकटीच्या घरातली सगळी बटणं काढून पुन्हा लावली, घट्ट होती ती सुद्धा. रोज सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चालून येते. जाताना चारशे बारा पावलं भरतात, येताना चारशे. रस्ता तोच, पाय तेच. बारा पावलं कुठे सांडतात ते बघायला उद्या सावकाश चालणार आहे.

खरं काम मिळालं ते पोस्टामागच्या दालनात. तिथे दहा-बारा बायका ठिगळांचं एक भलंमोठं पांघरूण शिवत बसतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलंय, आणि कुणासाठी ते एकीलाही सांगता येत नाही. प्रत्येकीने आपल्या अंगावरच्या कापडाचा तळहाताएवढा चौकोन त्यात घातलाय. सगळ्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. एक भावाकडे आठ दिवसांसाठी आली. एक कुणाच्या बाळंतपणाला आली, ते बाळ आता पोस्टात शिक्के मारतं आणि त्याला टक्कल पडलंय. माझ्याकडेही चौकोन मागितला. मी म्हटलं, मी मोजकेच कपडे आणलेत, उघडी परत गेले तर नात घरात घेणार नाही.

तुम्हा शिकलेल्यांना अक्षरावरून माणूस कळतं, मला टाक्यावरून. ही रागीट, ही डावरी, हिने रडत शिवलंय, असं मी बोट फिरवून सांगते आणि बायका पदर सावरतात. पण परवा माझंच बोट अडलं. एका कोपऱ्यात जुना, धुऊन धुऊन विटलेला पिवळा चौकोन आहे, त्यावर बारीक निळ्या छत्र्या. सहा टाके सरळ आणि सातवा उलटा. बटण, तो टाका माझा आहे. माझा दोरा सरकायचा म्हणून मीच काढलेला, आणि तुझ्याशिवाय कुणाला शिकवला नाही. कुणी शिवलं, असं विचारलं, तर म्हणाल्या, ती अजून आली नाही.

म्हातारपणी माणूस चळतं ते हे असं. मी जपून आहे. लोभाची वीण सैल पडू देऊ नकोस.

तुझी आजी

ता. १४ मार्च

ती. आजीस,
कृ. सा. न. वि. वि.

बटणाची प्रकृती उत्तम. सातवा महिना सरत आला. छापखान्यात मुद्रितं तपासताना बाळ लाथा मारतं, आणि नेमकी माझ्या नजरेतून सुटलेली चूक असली की जोरात मारतं. तुझ्यावर गेलंय. तुझा नातजावई रोज विचारतो की आजी कधी येणार. त्याला प्रेमापेक्षा तुझ्या हातच्या जेवणाची ओढ जास्त आहे, पण विचारतो.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. तुझं पत्र मला बारा तारखेला मिळालं. त्याआधी चार दिवस, आठ तारखेला, मी बाळाच्या झबल्यासाठी वारभर कापड आणलं. पिवळं. त्यावर बारीक निळ्या छत्र्या. नातजावई म्हणतो, अशी छपाई गाठोड्यांनी निघते, त्यात काय एवढं. मीही तेच म्हणून झोपले. सकाळी कापड बेतायला पसरलं, तर एका कोपऱ्यातून तळहाताएवढा चौकोन कुणीतरी नीट कापून घेतलेला. दुकानदार शपथेवर सांगतो की त्याने अखंड कापड दिलं होतं.

त्या नादात पहिला खांदा चुकलाच. तू असतीस तर नेहमीसारखी चुकलेल्या शिवणीवर काळ्या दोऱ्याची फुली मारून दिली असतीस. लहानपणी मला त्या फुलीची इतकी भीती वाटायची! इथे थांब, पुढे जाऊ नको, उसव. एक शब्द न बोलता केवढं रागवायचीस.

बाळ यायच्या वेळी तू मला हवी आहेस, आजी. दुसरं कुणी नको. म्हणून मी ठरवलंय. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी त्या टपालगाडीने मीच येते. गाडी फक्त पोती नेते ना? मग तुला पोत्यात घालून आणीन. धाकट्या आजीला नमस्कार, आणि बाईंच्या नाकालाही.

लोभ आहेच, तो घेऊनच येते.

तुझी,
बटण

ता. २७ मार्च

चि. नातीस आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम आहे. तू येणार हे वाचून आनंद झाला. अवश्य यावे. येताना पिवळे कापड आणावे. येथील हवा चांगली आहे व करमते. येथे तुझ्यासाठी जागा आहे. दालनातील सर्वजणी वाट पाहतात. बाळाकरिता रुमाल पाठवीत आहे.

उशीर करू नये.

आजी

ता. ६ एप्रिल

ती. आजीस,
कृ. सा. न. वि. वि.

परवाचा गुरुवार गेला आणि मी घरीच आहे. बुधवारी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तुझं पत्र चारदा वाचलं. मी दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं तपासते, आजी. तू मला आयुष्यात कधी नात म्हणून हाक मारलेली नाहीस, आणि नऊ ओळींत एकही टोमणा न मारता तू कुणाला बोलावूच शकत नाहीस. तरी मी निघणार होते. तुला बरं नसेल, असं मनाने घेतलं होतं. मग पिशवीत ठेवताना तो रुमाल उलगडला. चारही कडा तुझ्या टाक्याने दुमडलेल्या, आणि मधोमध काळ्या दोऱ्याची फुली.

कागद म्हणतो ये. कापड म्हणतं थांब. आपल्या घरात कागद फार उशिरा आला. मी पिशवी रिकामी केली.

बाई, यापुढचं तुमच्यासाठी आहे. हे पत्र तुम्हीच वाचत असणार. माझी आजी काय बोलली आणि तुम्ही काय लिहिलंत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. तुमचा नेम सगळं लिहायचा होता ना? मग हे सगळं तिला वाचून दाखवा, ही ओळसुद्धा. आणि तिला कधी परत पाठवणार, ते तिच्या शब्दांत कळवा.

आजी, मी इथेच आहे. लोभ ताणला तरी तुटायचा नाही.

तुझी,
बटण

ता. १८ एप्रिल

चि. बटण हीस आजीचे अनेक उ. आशीर्वाद.

शहाणी गं माझी बाय. बाईंनी तुझं पत्र सगळं वाचलं, स्वतःचा भाग सुद्धा, आणि मग चष्मा काढून ठेवला. नाक त्याने आणखीच मोठं दिसतं. (खरं आहे. — पोस्टातली बाई.)

मागच्या खेपेला, येऊ नकोस, येऊ नकोस, असं सांगता सांगता माझ्या घशाला कोरड पडली होती. कागदावर बघते तर नऊ ओळी. मला वाचता येत नाही, पण मोजता येतं. बाईंना परत वाचायला लावलं, तर माझं बोलणं शब्दन् शब्द वाचलं. एवढं बोलणं नऊ ओळींत मावेल कसं? तेव्हा मी तोंडाऐवजी सुई चालवली. बाळासाठी रुमाल देते म्हटलं आणि त्यावर फुली मारली. बाई म्हणतात, त्या ऐकतात तेच लिहितात, पण कुणी यायचं ठरलेलं असलं की हात आपलं वेगळंच लिहितो. त्यांनाही कुणाच्या तरी अशाच पत्राने बोलावलं होतं. भावाकडे आठ दिवस राहायला आल्या होत्या, त्या ह्याच.

मी तो पिवळा चौकोन उसवला. कुणी अडवलं नाही. दोऱ्याची हातात माती होत होती, आणि आतून कापड निघालं कोरं, कालच दुकानातून आणल्यासारखं. सोबत पाठवते आहे, झबल्याच्या कापडाच्या कोपऱ्यात बसतं का बघ.

बसणारच. पण इथे भोक पडलं. बायकांच्या सुया हातातच थांबल्या आणि सगळ्या त्या भोकाकडे बघत राहिल्या. त्यातून गार हवा येत होती, आणि पांघरुणाखाली तर फरशी आहे. धाकटी म्हणाली, जागा रिकामी राहत नाही, ताई, तू आपलं कापड नाही घातलंस तर ती पोरीला परत बोलावेल. तिचं प्लास्टर निघालं. पाय पहिल्यापासून धडधाकट. चाळीस वर्षं एकटीला कंटाळा आला होता, म्हणे. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, पण बहीण आहे, टाकणार कुठे.

तू पहिल्या पगारात घेतलेली तपकिरी शाल आठवते? तिचा चौकोन कापला. शाल तोकडी झाली, पण खांदे झाकतात. सहा टाके सरळ, सातवा उलटा. शेवटची गाठ मारेपर्यंत कापड विटून गेलं होतं. मग बायका बाजूला सरकल्या आणि त्यांनी मला बसायला जागा दिली. आता टाकीपासून घरापर्यंत शंभर पावलंही भरत नाहीत. रिकामपणाची तक्रार मात्र मिटली, सकाळपासून हात चालू असतो.

रडू नकोस, दिवस भरत आलेत तुझे. सुईणीला माझ्या वतीने दोन शिव्या दे, तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला नको. बाळाला सुई धरायला शिकव आणि अक्षरही शिकव, त्याचं पत्र दुसऱ्या कुणी लिहायला नको. पुढे कधी माझ्या नावाने ये म्हणून पत्र आलं, कितीही गोड आलं, माझ्या आजारपणाचं आलं, तरी पिशवी भरू नकोस. आणि बाळाला माझा टाका शिकवू नकोस. तूही तो घालू नकोस, त्याच टाक्याने इथे तुझी जागा शिवली गेली होती. सातवा टाका आता सरळ घालत जा.

लोभ असावा. भेट नसावी.

तुझी आजी

(आजींनी ओळी मोजल्या. बरोबर भरल्या. — पोस्टातली बाई.)