दुखणं ठेवण्याची जागा

अन्याय घडला तो सोमवार, ६ नोव्हेंबर १९४४ रोजी, सकाळी साडेनऊ वाजता, परंड्याच्या किल्ल्यापलीकडील बंगल्यात. त्या वेळी मी हसत होते. ही ओळ नंतर वर लिहिली आहे. खालची पाने जशीच्या तशी.

६ नोव्हेंबर, सोमवार

कुर्डुवाडीहून मोटारीने आले. निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायाने ट्रंक उपसली आणि इंग्रजी पुस्तके पाहून, ही कुणाविरुद्ध आहेत, असे विचारले. व्याकरणाच्या चुका करणाऱ्यांविरुद्ध, असे सांगितले. सोडले बिचाऱ्याने.

सिद्धेश्वर फाटकापर्यंत सामोरा आला आणि धुळीत वाकून पाया पडला. मॅट्रिकच्या इंग्रजीसाठी हा दोन वर्षे माझ्या घरी येत असे. आता डॉक्टर आहे. विलायतेत सात वर्षे मज्जातंतूंवर काम करून आला. डावा गाल रुमालाने दाबून बोलतो. म्हणाला, गालात वीज चमकावी तशी कळ येते, जुनेच आहे.

त्याच्या प्रयोगात मदतीला म्हणून मला बोलावले आहे. माझे काम सोपे: यंत्रातून येणारी टिकटिक मोजायची आणि वहीत मांडायची. माझा उजवा कान दोन वर्षांपासून मंद झाला आहे, हे मी आधीच कळवले होते. तो म्हणाला, बाई, कान मी बरा करून देतो. तीन पानी इंग्रजी संमतिपत्र पुढे केले. एकोणतीस वर्षे नोकरी केली, विद्यार्थ्याचा कागद लाल शाईवाचून परत दिला नाही. पण याच्यासमोर बसून वाचणे म्हणजे अविश्वास दाखवणे. हसत सही केली.

८ नोव्हेंबर, बुधवार

कानामागे लहानशी चीर घेऊन केसाएवढी चांदीची तार आत बसवली. दुखले. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर रडणाऱ्या मुलीला जेवायला देत नसत, त्यामुळे ती सवय मला नाही. सिद्धेश्वरने स्वयंपाकीण इरम्माला कौतुकाने सांगितले, पाहिलंस, बाई हूं की चूं करत नाहीत.

दुपारी लिंबावर होले घुमताना ऐकू आले. दोन वर्षांनी. रडले, पण दार लावून.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

तेलाचे इंजिन लावून यंत्र चालू केले. बेडकाच्या पायातल्या तंतूला सुई लावली, बेडकाला चिमटा काढला, आणि कर्ण्यातून ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला. सिद्धेश्वरने समजावले, की तंतूला एवढेच बोलता येते. वेदना वाढली की टिकटिक मोठी होत नाही, दाट होते. कानाचा तंतूही हीच भाषा बोलतो. कोणत्या वाटेने निरोप आला, त्यावरून मेंदू ठरवतो, हे ऐकू आले की दुखले.

छान शिकवतो. कुणाकडून शिकला ते उघड आहे.

१३ नोव्हेंबर, सोमवार

दगडोबा नावाचा माणूस आला. सहा वर्षांपूर्वी उसाच्या चरकात हात कोपरापासून गेला, आणि नसलेली बोटे रात्रंदिवस जळतात. त्याच्या थोट्या हाताला सुई लावली, यंत्राची दुसरी तार माझ्या कानाशी. पाव मिनिटात चाळीस, मग साठ, मग मोजता येईनात. सिद्धेश्वरने एक खिट्टी फिरवली. दगडोबा थोट्या हाताकडे बघत राहिला आणि एकदम ओरडला, "गेलं की वं! आता खरी गेली बोटं!"

माझ्या बोटांना मुंग्या आल्या. फार लिहिल्यामुळे असावे.

१५ नोव्हेंबर, बुधवार

गर्दी वाढली. बरे झालेले लोक माझ्या खिडकीपुढे थांबून हात जोडतात. एकीने नारळ आणि हळदकुंकू ठेवले. शिक्षिकेला एवढा मान परंड्यात अजून आहे, हे पाहून बरे वाटले.

सिद्धेश्वर ओसरीत ऊस दाताने सोलून खात होता, डाव्या बाजूने. रुमाल दिसला नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

उजव्या हाताची बोटे जळतात. दहा वर्षांपूर्वी काढलेली दाढ ठणकते. डाव्या गालात वीज. यंत्र बंद असतानाही टिकटिक. सिद्धेश्वर म्हणाला, वयाचा थकवा. नजर वहीवर ठेवून म्हणाला.

१९ नोव्हेंबर, रविवार

इरम्माला विचारले, हे नारळ कशासाठी. ती सहज बोलून गेली, "लई पुण्य लागंल तुमास्नी, बाईसाब. म्या बी माजी कंबर तुमच्यातच ठिवली की!"

पुन्हा बोलायला लावले. पुन्हा तेच. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितले होते, की दुखणे बाईंकडे ठेवून जायचे, बाई सोसतात. साऱ्या गावाला ठाऊक. तिला वाटले, मी कबूल आहे. मग माझे तोंड पाहून पदराने डोळे पुसू लागली. कंबर मात्र परत मागितली नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

टेबलाच्या खणात संमतिपत्र सापडले. दुसरे पान: वेदना स्वीकारणारी व्यक्ती, स्त्री, वय अठ्ठावन्न, आवाज न करता सोसते. खाली माझी सही, वळणदार.

सोबत रोग्यांची यादी. क्रमांक एक: सिद्धेश्वर, डावा गाल, ८ नोव्हेंबर, दुपार.

त्या दुपारी मी होल्यांसाठी रडत होते.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

समोर उभे राहून विचारले. नाकारले नाही. म्हणाला, बाई, वेदना नाहीशी होत नाही, कुठेतरी जावीच लागते. ओरडणारा माणूस महिन्यात वेडा होईल, तुम्ही होणार नाही. तुमच्यामुळे बावीस माणसे झोपतात.

मी म्हटले, अरे, विचारायचे होतेस. दगडोबाची बोटे मी कदाचित घेतली असती. कुणाची पेन्सिल घेण्याआधी विचारावे, हे मीच तुला शिकवले. तार काढ.

काढणार नाही म्हणाला. आणि पाया पडला.

२२ नोव्हेंबर, बुधवार

शिवणाच्या कात्रीने स्वतः काढली. रक्त बरेच. तार टेबलावर आहे, माझ्यासमोर.

टिकटिक थांबलेली नाही.

त्याने दारातून पाहिले. म्हणाला, तंतूंना वाट सापडली, आता तार लागत नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्राकडे कुणी जातच नाही. नुसते खिडकीशी येतात, हात जोडतात, आणि हलके होऊन जातात. ढोकीकडच्या गाड्या. तुळजापूरकडच्या. कुणाचा मूतखडा. कुणाची अडलेली बाळंतकळा — मी, जिने कधी —

दुपारी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. वाटले, आता तरी पळतील.

गुडघ्यांवर बसले सगळे. आली, आली, म्हणाले. कुंकू उधळले. कुणीतरी खिडकीची दारे काढून नेली, दर्शनाला आड येतात म्हणून.

मी अंगात आलेली देवी नव्हे. मी निवृत्त मुख्याध्यापिका —

२४ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी तीन

डॉ. सिद्धेश्वर यांस —

उद्या, शनिवार, २५ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर हवे. तोंडी नको. तोंडी बोललेले आता ऐकू येत नाही, सगळीकडे लाह्या —

एक. हे कोणत्या दिवशी बंद करणार, तारीख घालून.

दोन. तुमचा गाल परत घेणार का. फक्त तुमचा. बाकीच्यांचे नंतर पाहू.

तीन. स्वच्छ अक्षरात, सहीसकट. मी वाचणार आहे. प्रत्येक शब्द —

फाटकात गाडी आली. कुणाला तरी घोंगडीत घालून आणताहेत. बाई आहे. भाजलेली. पायापासून — सगळी —

तिला खिडकीशी आणू नका. इरम्मा, सांग त्यांना. आधी उत्तर. उद्या पाचपर्यंत, लेखी, त्याआधी कुणीही —

ती माझ्याकडे बघते आहे. हात वर करते आहे. दोन्ही. नको बाई, जोडू नकोस, थांब, पाच वाजेप