सरकीच्या ढिगाचा ताप

६ जानेवारी, सोमवार

४१ अंश! बाहेर २७ आणि ढिगाच्या पोटात ४१. वरून हात लावला तर गारच लागतो.

डिसेंबरच्या अवेळी पावसात भिजलेल्या कापसाची ही सरकी. दमट आहे, घेऊ नका, असं मी लॅबच्या रिपोर्टात लिहिलं होतं. आमच्या तेल मिलनं तरी घेतली, गोदामात दोन पुरुष उंच ढीग लावला. आज त्यात लोखंडी पाइप खुपसला, थर्मामीटर तेलाच्या बाटलीत बसवून सुतळीनं खाली सोडला. तेलामुळे बाटली वर ओढेपर्यंत आकडा उतरत नाही.

मॅनेजर केशवरावांना म्हटलं, आत्ताच पंखा लावून हवा खेळवा, उष्णता निघून जाईल. हसले. "सरकीले ताप आला का, प्रणालीबाई? मंग गोळी द्या ना!"

८ जानेवारी

४८.

१० जानेवारी, शुक्रवार

५६. नमुन्यातल्या तेलाची आम्लता चार दिवसांत दुप्पट.

मशीनला सरकीच्या टोपल्या भरून देणाऱ्या माणिकबाई दुपारी लॅबच्या दारात आल्या. "मॅडम, वर चढलं का पायाले चटके बसून राह्यले." सगळ्या बायांना खाली उतरवलं. पाइप पोचला नाही तिथं आतून जळून पोकळ झालं असेल तर उभा माणूस खचून आत जाईल!

केशवराव चिडले. "मशीन बंद पडन ना!" पडू द्या, म्हटलं. हमालांचे मुकादम पुंजारामभाऊ पुढे आले. ढिगाभोवती दोरी बांधून टाकली त्यांनी.

११ जानेवारी

पाइपाचं वरचं तोंड मी पाच दिवस उघडं ठेवलं होतं! म्हणजे ढिगाला मीच हवा पाजत होते. शहाणी! ओल्या मातीनं बुजवलं. आता मोजण्यापुरतंच उघडायचं.

१३ जानेवारी, सोमवार

७१. गोदामात भाजल्यासारखा, खवट वास.

ओलीनं आणि बुरशीनं सुरुवात केली. आता तेल स्वतःच हवेतला प्राणवायू घेऊन तापतंय. जितकं तापेल तितकी क्रिया जोरात, जितकी जोरात तितकं आणखी तापणार. गरम हवा वरून निघते, तिच्या जागी बुडातून नवी शिरते — कोणी न ढकलता. मालकांना थेट फोन केला. मुंबईत आहेत. "केशवराव बघतील."

बरं. मग मीच बघते.

१४ जानेवारी, संक्रांत

८४. आणि आज केशवरावांनी पंखा आणला! केवढा मोठा — आणि चालूही केला. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

"अहो, तुमीच म्हटलं होतं ना पंखा लावा म्हणून?"

"आठ दिवसांआधी म्हटलं होतं!"

तेव्हा त्याच हवेनं उष्णता बाहेर नेली असती. आता ती हवा जेवढी उष्णता नेईल त्याहून जास्त आत निर्माण करेल. हे सांगताना माझा आवाज चढला. त्यांनी पुन्हा बटणाकडे हात नेला, तर मी बटणाला पाठ लावून उभी राहिले.

"मालकाले काय सांगू मी?"

"सांगा, प्रणालीनं बंद केला. लिहून देते."

तेवढ्यात पुंजारामभाऊ म्हणाले, "साहेब, धुमसत्या पऱ्हाटीच्या काड्याइले वारा घालते का कोनी?" केशवराव म्हणाले, "तं पानी मारू." तेही नाही! वरून मारलेलं पाणी आतपर्यंत पोचणार नाही, उलट ओल वाढेल. ढीग उपसायचा. हळूहळू, पहाटे वारा पडलेला असताना.

१५ जानेवारी, बुधवार



साडेपाचला सगळे हजर. वाऱ्याच्या बाजूच्या दाराला ताडपत्री बांधली. दुसऱ्या बाजूनं, बुडापाशी उभं राहून थोडं थोडं ओढायचं, अंगणात वीतभर जाडीचं पसरायचं, मग झारीनं पाणी. ढिगावर कोणी चढायचं नाही. अग्निशमनची गाडी फाटकात उभी होती. केशवरावांनी बोलावली होती, मला न सांगता. हे मात्र बरं केलं.

नऊपर्यंत नुसती वाफ. मग सरकी तपकिरी निघू लागली, मग काळी, गोळे झालेली. एका टोपल्यातला गोळा फुटला, हवा लागली — आणि भप्पकन ज्वाळा! टोपलं माणिकबाईंच्या हातात. फेकलं त्यांनी, पुंजारामभाऊंनी त्यावर वाळू ओतली. पदराची कड जळली, मनगट भाजलं. मी पाण्याखाली धरून ठेवलं त्यांचं मनगट. सोडवेचना मला.

"सोड ना वं," त्या म्हणाल्या, "बाकीचं काढू दे."

दवाखान्यात पाठवलं. चारला शेवटचं टोपलं निघालं. त्याआधी मध्यभागी माणूस मावेल एवढी पोकळी लागली होती. केशवरावांनी ती वाकून पाहिली होती.

१७ जानेवारी

माणिकबाई बऱ्या आहेत. जखम खोल नाही. सगळ्यांसमोर केशवराव म्हणाले, "या पोरीनं गोदाम वाचवलं." पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

२० जानेवारी, सोमवार

केशवरावांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ. काळी सरकी फेकायची, पण मधली तपकिरी, बुरशी लागलेली चांगल्या मालात थोडी थोडी मिसळायची. तेल काढल्यावर पेंडीची ढेप निघेल, विकली जाईल. गुणवत्तेच्या दाखल्यावर सही फक्त माझी.

"तपासणीत विष निघालं आहे," म्हटलं. बुरशीचं. रिपोर्ट समोर ठेवला.

"थोडंसंच तं हाय. पोरी, एवढं केलं तू मिलसाठी. आता हे काहून अडवून राह्यली?"

उद्यापर्यंत विचार कर म्हणाले.

२१ जानेवारी

सही केली नाही. नोकरी गेली. रिपोर्टाची प्रत सरकारी तपासणी अधिकाऱ्याला देऊन आले. दर्यापूरला आईला फोन केला, सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "ते ढेप ढोरं खानार होते का?"

हो, म्हटलं.

"मंग ये घरी."