दोरीवरचं जांभळं कापड

आबा, मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं होतं. काकांनी गिऱ्हाइकाचं कापड बदललं आणि त्यावरून तुमचं दोघा भावांचं शिरूरचं शिवणाचं दुकान फुटलं, असं मी लिहिलं. कापड बदललेलं नव्हतं. सकाळी आलं तेच संध्याकाळी होतं. हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

तो दिवस मी पुन्हा पुन्हा आठवून बघते. मांडवगणचे एक गृहस्थ मुलीच्या फ्रॉकसाठी दुबईहून आलेलं पांढरं कापड टाकून जातात. तुमचा नियम असा, की नवं सुती कापड आधी पाण्यात भिजवून आटवायचं, मगच कात्री लावायची. काका ते भिजवतात आणि दुकानामागच्या दोरीवर वाळत घालतात. दुपारी तुम्ही मागं जाता, तर दोरीवर जांभळं कापड.

"जांभळ्या अस्तरासंगं एकाच बादलीत घातलंस व्हय रं? सगळा रंग बसला की!"

काका बादली उचलून आणतात. "दादा, पाणी बघा. निवळ हाय. कुणालाबी प्यायला द्या."

"तूच पी."

मी हसले होते. दिवेलागणीला काकांनी घडी आणून टेबलावर ठेवली, तर कापड पांढरं. तुम्ही ते बल्बखाली धरलंत. "दुसरं फाडून आणलंस आन् खराब केल्यालं लपवलंस. आता तरी खरं बोल."

काका कापडाकडं बघतच राहिले. "त्येच हाय. पर मलाबी कळंना, दादा."

मग तुम्ही माझ्याकडं वळलात. "तू सांग गं, दुपारी जांभळं व्हतं का न्हाई?" अक्षरं, बेरीज, रंगांची नावं, सगळं मी शाळेच्या आधी तुमच्या कटिंगच्या टेबलाशी बसून शिकले. डोळ्यांनी बघितलं तेवढंच बोलायचं, हेही तिथंच. मी म्हणाले, "व्हतं." काकांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळली आणि दौंड गाठलं. तुम्ही वारलात तेव्हा काका आले, उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून परत फिरले.

आता मी एका कपड्यांच्या कंपनीत तपासणीला आहे. परदेशी गिऱ्हाइकाच्या मालातले पांढरे शर्ट आले होते. ट्यूबलाइटमध्ये रंगाची खात्री होत नाही, म्हणून तुमच्या सवयीनं मी एक शर्ट दारात उन्हाला नेला, आणि तो माझ्या हातात जांभळा होत गेला. मी ओरडलेच. सुपरवायझर मॅडम हसायला लागल्या. "अगं, भूत बघितल्यागत काय करतीस! ऊन लागलं की रंग येतो, सावलीत जातो. मुद्दाम तसा केलेला असतो." सावलीत आणला, थोड्या वेळानं पांढरा. पुन्हा उन्हात नेला. शेवटी मॅडमनी तो काढून घेतला आणि मी मागितली म्हणून त्याच कापडाची एक चिंधी दिली.

आबा, तुम्ही खोटं बोलला नव्हता. काकाही नाही. मीसुद्धा नाही. मग आपलं घर कशानं मोडलं? बघितलं तेवढंच मी बोलले, मग माझं चुकलं काय, आणि चुकलं नसेल तर हे पत्र कशाला लिहितेय? काकांना सांगितलं, तर तुम्ही सख्ख्या भावाला उगाच चोर म्हणालात असं होतं, आणि तुम्हांला आता बाजू मांडता येत नाही. नाही सांगितलं, तर ते चोरच राहतात. त्यांच्या मुलीच्या लग्नातही भावकीतल्या कुणीतरी मांडवातच हा विषय काढला होता. ते मान खाली घालून पंगत वाढत राहिले म्हणे. आपण केलं नाही हे त्यांना माहीत आहे. पण मग झालं काय, हे त्यांनाही कधी कळलेलं नाही.

हेही पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक सांगते. सगळं कळूनही माझा राग काकांवरच आहे, की ते एक दिवस तरी का थांबले नाहीत. तुमच्यावर रागवायला मला अजून जमत नाही. काका विचारतील, "म्हंजी दादाचं चुकलं व्हतं?" त्यावर काय म्हणायचं, ठरलेलं नाही. आईलाही बोलले नाही. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. येत्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं ती चिंधी घेऊन मी दौंडला जाणार आहे, ऊन असेतोवर त्यांच्या दारात पोचेन अशी.