बापूरावांना दिलेलं उत्तर

चिंचवड, रविवार, १९५८

आज वाचनालयात अमेरिकेच्या यादवी युद्धावर बोललो. लढाईपुरते दोन पक्षांतले पुढारी एकत्र आले, नवा पक्ष काढला आणि लढाई संपताच आपापल्या जुन्या पक्षांत परतले. बोलताना नजर सारखी बापूरावांच्या नव्या टोपीकडे जात होती. आमच्या आघाडीच्या मतांवर निवडून येऊन सहा महिन्यांत जुन्या पक्षात पळाले, तेच हे.

टोपी सारखी करत त्यांनीच विचारलं, "गुर्जी, त्या लोकांचं पुढं काय झालं?"

"एकालाही लोकांनी पुन्हा निवडून दिलं नाही."

सगळे हसले. बापूराव उठून गेले.

खरं तर त्यांतले कितीतरी पुन्हा निवडून आले होते. इतिहासाच्या मास्तरानं असं खोटं बोलावं? लाज वाटायला हवी होती. पण आज जेवताना एक भाकरी जास्तच गेली.